दमट हवा आणि चामड्याची जुनी पर्स

कोकणातल्या श्रीवर्धनात पावसाळ्यात मिठालाही पाणी सुटतं. तिथे चोरबाजारातून किंवा ऑनलाइन घेतलेली तीस-चाळीस वर्षांची चामड्याची पर्स आली, की घरातून पहिला सल्ला मिळतो : प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव. घात होतो तो यानेच. चामडं हवेतला ओलावा शोषतं आणि हवा कोरडी झाली की सोडतं. पिशवीत तो कोंडतो. सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते आणि कोकणात पावसाळाभर आर्द्रता बहुधा 80 च्या पुढेच असते. त्यापेक्षा उशीचा सुती अभ्रा बरा. सोबत सिलिका जेल ठेवा; पण निळे मणी गुलाबी झाले की त्यांचा उपयोग संपला, ते तापवून सुकवावे लागतात.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच, असंही नाही. चामडं कमावताना मुरवलेली चरबी कधी कधी वर येते. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने ती वितळते. बुरशी तशीच राहते, शिवाय कुबट वास मारते.

'कधीच वापरली नाही, म्हणजे नवीकोरी' हा सर्वांत महागात पडणारा समज. खरं चामडं तडकतं, भुकटी होतं. पण पापुद्रे सुटत असतील तर तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो. दमट उष्ण हवेत तो कपाटात पडल्या पडल्याही विघटित होतो. म्हणूनच 1980-90 च्या दशकांतल्या, आतून हा थर दिलेल्या कित्येक उंची पर्सेस बाहेरून झकास आणि आतल्या खिशात चिकचिकीत निघतात.

खोबरेल चोळल्याने चामडं काळवंडतं, धूळ धरतं. डांबरगोळ्या किड्यांसाठी, घरगुती वापरात बुरशी त्यांना जुमानत नाही आणि वास मात्र वर्षानुवर्षं जात नाही. कडक ऊन तर नकोच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनातली छपरं उडाली, घरांतलं सामान भिजलं. असं भिजलेलं चामडं सावलीत, पंख्याखाली, सावकाशच वाळवायचं असतं.

तेव्हा जुनी पर्स घेताना ब्रँडच्या आधी विचारा, गेले पावसाळे ती कुठे होती. आणि आतल्या खिशाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.