तारेचा फांसा

इंग्लंडांत ससे धरण्याकरितां तारेचा फांसा लावण्याची रीत जुनी आहे. तिच्यांत निरीक्षण किती लागतें, तें आम्ही येथें सांगतों.

ससा नेहमींच्या वाटेनें उड्या घेत जातो. पाय टेकतात तेथें गवत दबतें, मधलें उभें राहतें. फांसा त्या उभ्या गवतावर, म्हणजे उडीच्या मध्यावर लावितात. पितळेच्या बारीक तारांचे चार-सहा पदर पिळून मुठीएवढा सरकता फांसा करितात. तो जमिनीपासून सुमारें 4 इंच उंच काडीवर धरून दोरीनें खुंटीस बांधितात. पिळलेली तार लवचीक असून बळकटही असते.

परंतु फांशास सावज ओळखतां येत नाहीं. त्यांत मांजरही सांपडतें. आणि सांपडलेला जीव कित्येक तास तडफडतो. म्हणून ब्रिटनमध्यें 1981 च्या कायद्यानें, एकदां आवळल्यावर सैल न होणारे फांसे बंद झाले. वेल्सनें 2023 सालीं व स्कॉटलंडनें 2024 सालीं सर्वच फांसे वर्ज्य केले. आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानसशाची शिकार गुन्हा आहे.

शेताच्या बांधावर असा फांसा दिसल्यास मुलांनीं त्यास हात न लावितां वडिलांस सांगावें, व वडिलांनीं वनखात्यास कळवावें. वाट ओळखणारी दृष्टि मात्र मुलांनीं अवश्य कमवावी.