शाळेला पैसा कोणी दिला?

गिरगाव, दादर, परळ भागातल्या जुन्या शाळांच्या जिन्यात संगमरवरी पाटी दिसते. देणगीदारांची नावे आणि पुढे रकमा. आभार मानण्याची ही रीत चांगलीच आहे, पण या शाळांवरचे ऋण पाटीवर मावण्यासारखे नाही. मोठ्या देणग्यांतून इमारती उभ्या राहिल्या. शाळा मात्र चालल्या त्या बिनपगारी शिकवणाऱ्यांच्या, पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्यांच्या आणि पालिकेचा कर देणाऱ्यांच्या जोरावर.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 मध्ये गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या सन्मानार्थ वर्गणी काढली. दोन लाखांहून अधिक रुपये जमले आणि ते प्राध्यापक नेमण्यासाठी राखून ठेवायचे ठरले. आभार मानायचे होते एका राज्यकर्त्याचे. फायदा झाला तो पुढच्या पिढ्यांचा. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड याच एल्फिन्स्टन संस्थेत शिकले.

त्या फळीतल्या तरुणांनी हे ऋण कसे फेडले, ते सविस्तर सांगायला हवे. 1848 मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. हाती निधी नव्हता, इमारत नव्हती. हे तरुण घरोघरी जाऊन मुलींना शिकवू द्या म्हणून विनवण्या करीत. काही दारांतून त्यांना दरडावून परत पाठवले गेले. तरीही सुरुवातीला 44 पारशी आणि 24 हिंदू मुली आल्या. सकाळच्या वेळात, स्वतःची कामे सांभाळून, हे लोक एक पैसाही न घेता शिकवत. गिरगावात मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या आवारात जागा दिली. कामा कुटुंबाकडून पारशी मुलींच्या शाळांना पैसा आला.

नाना शंकरशेटांचे नाव आपण घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. पण त्या चोवीस मुलींच्या आईवडिलांचे काय? मुलगी शिकली तर नवरा मरतो, असे उघड बोलले जाणाऱ्या काळात त्यांनी पोरीला घराबाहेर धाडले. भाऊबंदांची, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. माझ्या हिशेबी या शाळांना मिळालेली पहिली मोठी देणगी हीच.

1854 च्या वुडच्या खलित्याने सरकारी मदतीचे सूत्र घालून दिले: लोकांनी शाळा उभी करायची, सरकारने तिला अनुदान द्यायचे. अहमदाबादच्या मगनभाई करमचंद यांनी मुलींच्या दोन शाळांसाठी दिलेल्या वीस हजारांची त्या खलित्याने कौतुकाने दखल घेतली. ‘अनुदानित शाळा’ हा शब्द आपण आज वापरतो, त्याची मुळे इथे आहेत. लोकवर्गणी आधी, सरकार नंतर.

परळची गोष्ट निराळी. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रीचे वर्ग, वाचनालये सुरू केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला होता. म्हणजे बारा तास साच्यावर उभे राहून आलेला माणूस कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवत होता. त्याने दिलेला तो तास कोणत्या वहीत जमा करायचा? पुढे, 1922 मध्ये, लीगच्या परळच्या वास्तूत दामोदर हॉल उभा राहिला. दामोदर ठाकरसी यांच्या नावाचा. ठाकरसी घराण्याची दानत मोठी होती. कर्व्यांच्या महिला विद्यापीठालाही विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले. ते घराणे गिरणीमालकांचे. म्हणून त्या पैशात साचेवाल्याची, वाइंडिंग खात्यातल्या बायकांची मेहनतही होती, हे त्याच आदराने म्हटले पाहिजे.

पालिकेकडे प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी 1888 च्या कायद्यानेच आली होती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण मात्र 1925 मध्ये आले, आणि ते प्रथम ‘एफ’ व ‘जी’ वॉर्डांत लागू झाले. परळ, लालबाग, दादर, वरळी याच वॉर्डांत. श्रीमंत वस्त्या सोडून चाळींच्या वस्तीपासून सुरुवात झाली, याचा मला अभिमान वाटतो. त्याचा खर्च साऱ्या शहराच्या करातून झाला. चाळकरी भाड्यातून तो कर भरतच होता. त्याचे नाव कुठल्या पाटीवर आले नाही, इतकेच.

दादरला 1940 मध्ये दादासाहेब रेगे यांनी बालमोहन सुरू केले ते आठ मुलांवर. आठ घरांनी ठेवलेला तो विश्वास होता.

मग 18 जानेवारी 1982 आला. गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. कित्येक घरांनी मुलांना कोकणात, घाटावर गावी पाठवले, आणि गिरणगावातल्या शाळांच्या वर्गांतले बाक रिकामे होऊ लागले.

आता शताब्दीच्या स्मरणिका निघतात. त्यांत मंत्र्यांचे संदेश असतात, जाहिराती असतात. माझी संस्थाचालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. कपाटातली जुनी जनरल रजिस्टरे, फीच्या पावत्या आणि वर्गणीच्या वह्या वाळवी लागण्याआधी बाहेर काढा, स्कॅन करून ठेवा. शक्य तिथे पालकांचे व्यवसाय नोंदवा: जॉबर, हमाल, कारकून, मासे विकणारी. आणि पुढच्या स्मरणिकेत पहिली चार पाने त्यांना द्या.