जामखेडच्या आरोग्यसेविका

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या अवर्षणग्रस्त भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळे वर्षाच्या आतच दगावत. प्रकल्पाने आधी शिकलेल्या परिचारिका गावोगावी पाठवल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकटीने राहणे त्या मुलींना अवघड गेले आणि गावातल्या बायकाही त्यांच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई या कामासाठी निवडावी, असे ठरले.

निवडल्या गेलेल्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकजणी दलित वस्तीतल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. अशा बाईला आपण कुणाच्या उपयोगी पडू शकतो, हे तोवर कुणी सांगितलेलेच नव्हते. आता ती पोरांची वजने घेऊ लागली, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवू लागली, बाळंतपणे सुखरूप करू लागली. पोटातले बाळ फार वाढू नये म्हणून गरोदर बाईला कमी जेवू घालण्याची रीत होती. ती डॉक्टरच्या उपदेशाने नव्हे, तर शेजारणीच्या शब्दाने मोडली. १९९० च्या दशकात बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले.

या कामाला नियमित पगार नव्हता, तरीही बायका वर्षानुवर्षे टिकल्या. निव्वळ त्यागबुद्धीकडे बोट दाखवून याचा उलगडा होत नाही. प्रशिक्षण एकदाच देऊन त्यांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, आपल्या गावातली अडचण एकमेकींपुढे मांडत. वेगवेगळ्या जातींच्या बायका तिथे एका पंगतीला बसत. वाचवलेले बाळ पुढे रोज डोळ्यांसमोर वाढत असे, आणि कालपर्यंत जिला उंबऱ्याबाहेर थांबवले जाई तिला अडल्या वेळी घरात बोलावले जाई. ज्ञान, सोबत, दिसणारे फळ आणि मान या चार गोष्टी कामासोबतच हाती येत होत्या. अर्थ त्यातूनच आला.

एमी रझेस्नेव्हस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ मध्ये रुग्णालयातल्या सफाई कामगारांविषयी जे मांडले, ते याच्या जवळचे आहे. काहींना आपले काम म्हणजे फक्त लादी पुसणे वाटे. काहीजण मात्र रुग्ण आणि नातेवाइकांशी बोलत, त्यांना काय हवे-नको ते पाहत आणि स्वतःला उपचाराचा भाग मानत. त्यांना तेच काम मोलाचे वाटे.

जामखेडसारख्या प्रयोगांनी वाट दाखवली आणि २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविका देशभर नेमल्या गेल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. पण ‘स्वयंसेविका’ या शब्दाआड त्यांना कामागणिक तुटपुंजा मोबदला मिळत राहिला, आणि महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी वारंवार संपावर जावे लागले. सेवेचे समाधान खरेच असते. पण ते मिळते म्हणून मजुरी कापणे हा अन्यायच आहे. जामखेडने हे ओळखले होते: तिथे सेविकांना छोटे धंदे उभारायला मदत दिली गेली, म्हणजे गावाची सेवा करताना घरची चूलही पेटती राहावी.