चित्रफितीची पाठवणी

मी मुख्याध्यापक असताना आमच्या सातवीच्या मुलांनी गावातील एका वृद्ध आजींच्या जात्यावरच्या ओव्यांचे चित्रण केले होते. जात्याची घरघर, आजींचा थकलेला पण गोड आवाज, मुठीतून जात्यात पडणारे दाणे, सारे काही त्यात होते. दोन तासांच्या चित्रणातून मुलांनी बारा मिनिटांची सुबक चित्रफीत संकलित केली, ती अगदी लहान आकारात तयार करून गावभर मोबाइलवर पाठवली, आणि मग मूळ चित्रण पुसून टाकले. संगणकावरील जागा मोकळी करा, असे मीच सांगितले होते.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात ती फीत मोठ्या पडद्यावर लावली, तेव्हा आजींचा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांत विखुरला. मधल्या काळात आजी निवर्तल्या होत्या. मुले धावतच संगणकाकडे गेली. संकलनाची फाइल तेथे जशीच्या तशी होती. परंतु ती उघडताच प्रत्येक दृश्याच्या जागी 'फाइल सापडत नाही' एवढाच संदेश दिसू लागला!

असे का व्हावे? संकलन करताना आपण दृश्ये कापतो व जोडतो असे म्हणतो खरे, पण मूळ चित्रणाला त्या वेळी धक्काही लागत नाही. अमुक फाइलमधील १० व्या सेकंदापासून २५ व्या सेकंदापर्यंतचा भाग घ्यावा, त्यापुढे तमुक दृश्य जोडावे, अशी केवळ टिपणे संगणक करून ठेवतो. ही टिपणे म्हणजे पाककृतीची वही होय. वहीवरून पुरणपोळी करता येते, परंतु घरात डाळ आणि गूळ असेल तरच! ती टिपणे वाचून मूळ चित्रणातून कोणालाही पाहता येईल अशी एक सलग फाइल तयार करणे, ह्याला 'एक्सपोर्ट' म्हणतात. संकलनाच्या शॉटकट ह्या प्रणालीत हाच शब्द आढळतो. केडेनलाइव्हमध्ये त्याला 'रेंडर' असे नाव आहे. कोणी त्याला मराठीत 'निर्यात' म्हणतात. तो शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे आंब्याच्या पेट्या येतात. पण तो अगदीच गैर नाही. प्रवासाला निघालेल्या मालाची बांधणी करावी लागते, तशीच चित्रफितीचीही करावी लागते.

बांधणीची गरज किती आहे, हे एका हिशेबावरून कळेल. १९२० रुंद आणि १०८० उंच अशा एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांहून अधिक बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणजे एका मिनिटाला सुमारे ९३३ कोटी बाइट झाले! एवढा भार इंटरनेटवरून कोण वाहून नेणार? तोच एक मिनिट सेकंदाला ८ मेगाबिट ह्या वेगाने बांधला, तर केवळ ६ कोटी बाइटांत मावतो, आणि पाहणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही.

ही किमया दोन गोष्टींवर आधारलेली आहे. आपला डोळा उजेड-अंधारातील भेद बारकाईने टिपतो, पण रंगातील सूक्ष्म भेद त्याला तितकेसे कळत नाहीत. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी ठेवतात, तर रंगाची नोंद चार बिंदूंना मिळून एकदाच करतात. दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. आजी दळत असताना मागची भिंत हलत नव्हती. हलत होता तो त्यांचा हात आणि जात्याचा खुंटा. मग प्रत्येक चित्रात भिंत पुन्हा पुन्हा कशाला लिहावी? एक चित्र पूर्ण लिहितात आणि त्यापुढील चित्रांत काय बदलले, तेवढेच नोंदवतात. काही काळाने पुन्हा एक पूर्ण चित्र येते. स्तब्ध दृश्य थोडक्यात बांधले जाते आणि लेझीम खेळणाऱ्या शंभर मुलांचे दृश्य आवळून बांधले की बिघडते, ह्याचे कारण हेच. एकदा गाळलेला तपशील मात्र कोणत्याही युक्तीने जसाच्या तसा परत मिळत नाही. (कॅमेराही चित्रण साठवताना थोडेफार गाळतोच, पण त्याचा हात सैल असतो.)

वेबसाठी आज सर्वांत सोयीची जोडी म्हणजे एमपी४ ही पेटी आणि तिच्या आत एच.२६४ ही चित्रांची बांधणी. ही पद्धत २००३ साली प्रमाण ठरली आणि आज बहुतेक सर्व मोबाइल व ब्राउझर ती ओळखतात. ध्वनीसाठी एएसी ही पद्धत योजावी. दर सेकंदाची चित्रसंख्या मूळ चित्रणाइतकीच ठेवावी. लहान चित्रण उगीच मोठे करू नये, त्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. आणखी एक बारीकशी बाब आहे. एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. ती शेवटी राहिली, तर फीत सुरू व्हायला पुष्कळदा विलंब लागतो. काही प्रणालींत ती आरंभी आणण्यासाठी 'वेबसाठी अनुकूल' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो निवडावा. सगळी फीत बांधण्यापूर्वी, जेथे हालचाल फार आहे असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा बांधून मोबाइलवर आणि मोठ्या पडद्यावर पाहावा. लहान प्रत हवी असेल, तर ती बांधलेल्या प्रतीवरून न करता मूळ चित्रणावरून करावी, कारण गाळलेल्यातून पुन्हा गाळले की चित्र आणखी खालावते.

त्या बारा मिनिटांच्या फितीत आवाज मात्र बराच शाबूत राहिला आहे, कारण ध्वनीला मुळातच थोडी जागा पुरते. शाळेत ती आजही लावतात, तेव्हा पडद्याच्या मधोमध चित्र मुद्दाम लहान ठेवतात आणि आवाज मोठा करतात.