मुरुमांची ट्यूब निवडताना

वाशीसारख्या गावी मुरुमांवर मैत्रिणीची ट्यूब लावून पाहणे सर्रास चालते. पण त्यात स्टेरॉइड असेल, तर चेहरा चार दिवस उजळतो आणि पुढे मुरुमे उलट वाढतात. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीत गेली, ती उगाच नाही.

क्लिंडामायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जोडजेल वेगळे. नुसत्या क्लिंडामायसिनला जंतू सरावतात; पेरॉक्साइड सोबत असले की ते अवघड जाते. डॉक्टरांनी दिल्यास धुतलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे जेल पातळ पसरावे, फोडांवर थापू नये. फार आग झाली तर दिवसाआड लावावे. उशीचा अभ्रा पांढराच घ्या, रंगीत कापड विटते! गुण यायला आठ-बारा आठवडे लागतात. मात्र चेहरा सुजला, धाप लागली, तर जेल धुऊन तडक दवाखाना गाठावा.