कोणत्या वयाला कोणती गोष्ट?

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळा परिसरात अनेक मुलांच्या घरी वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली असते. त्यामुळे शाळेतल्या मराठीशी मैत्री करायला सुरुवातीला चित्रं भरपूर, मजकूर थोडा असलेली पुस्तकं बरी.

३ ते ६ वर्षं : माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच. आई, बाबा, आजी अशी घरातली माणसं एकेका पुस्तकात भेटतात. मोठ्यांनी वाचावं, मुलांनी चित्रांवर बोलावं, तेही आपल्या बोलीत.

७ ते १० : पुरंदरे यांच्याच ‘यश’च्या गोष्टी. एका वेळी एक, मोठ्याने वाचायला सोयीच्या.

११ ते १४ : भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. फुरसुंगीच्या बनेशची साहसं. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ रोज एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, याप्रमाणे वाचता येते.

१५ च्या पुढे : व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तराची कादंबरी. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ कर्नाळ्याच्या ठाकरांची. मोखाड्यातल्या ठाकर वाचकांना त्यात ओळखीचं बरंच सापडेल.

ध्यानात ठेवा : वयोगट हा अंदाज आहे. चौदा वर्षांच्या मुलाने चित्रपुस्तक उचललं, तर वाचू द्या.