जवारीवरचा धागा

यवतमाळच्या एखाद्या गायनवर्गातला तंबोरा बसक्या आवाजात बोलू लागला, की नुसती तार बदलून भागत नाही. जवारी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासून साधलेली पाठ, गेलेली असते. ती काढणारा हात शोधत निघालं, की वाट बहुधा मिरजेला पोचते.

मिरजेत तंतुवाद्यं घडू लागली ती १८५०च्या सुमारास. फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. तलवारींचे दिवस सरले आणि हात वाद्यांकडे वळले. पुढे आडनावच ‘सतारमेकर’ झालं.

त्याच काळात स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेस नावाचा सुतार गिटारला आजचं रूप देत होता. तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर आणि वरच्या पातळ फळीला आतून पंख्यासारख्या पट्ट्या, ही त्याची घडण पुढच्यांनी उचलली. १८६२ मध्ये त्यानं पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. नाद फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात गिटारला लागणारी आतड्याची तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे गेली, तेव्हा अल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या तारा आणल्या आणि आंद्रेस सेगोव्हियानं त्या मैफलीत रुजवल्या.

मिरजेच्या फळीला तबली म्हणतात. तिच्याखाली पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, वर तून लाकडाची दांडी. इथवर दोन्ही कारागिरांचं जमेल. फरक पडतो तो घोडीवर. गिटारची तार हाडाच्या अरुंद कडेवरून जाते. सूर स्वच्छ निघतो आणि विरतो. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित उतरती. तार तिच्या पाठीला घासत थरथरते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला की आवाज मिटतो, केसभर मागे आला की खुलतो, आणि एका तारेतून अनेक स्वर झंकारू लागतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं, पण कानसीला नाही. तारेच्या घासण्यानं घोडीवर चरे पडतातच, आणि किती घासायचं ते कुठल्याच मापपट्टीवर लिहिलेलं नसतं. गिटारची तार यवतमाळच्या दुकानातही मिळेल. जवारीला मात्र कुणाचा तरी कान लागतो.